सुनेच्या कॅसेटमधला म्हातारा

मंगळवार, संध्याकाळ. १९९२

सुनेने स्वतः रचलेली गाणी कॅसेटवर भरली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एका गाण्यात म्हातारा सासरा आहे. कुलूप लावून वेशीपर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप ओढून पाहतो. हा मीच. दुसरा कोण असणार?

आज दळण घेऊन गेलो तर वीज नव्हती. गिरणीवाल्याने सेलवरच्या टेपवर तेच गाणं लावलेलं. बाया हसून बेजार. मी पोत्याआड सरकलो. ओळखलं तर? गावात तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात शेजारची शेवंता म्हणाली, "हे बिलकुल आमचे मामंजी!"

"न्हाई वो काकू, आमचेच हायेत," दुसरी म्हणाली. "परवा बाजाराला गेल्ते, अर्ध्यातून कुलूप बघायला आल्ते."

प्रत्येकीला तो म्हातारा आपलाच वाटत होता. माझं नाव कुणाच्याच तोंडी नाही! मला राहवेना. उठून ओरडलो, "तो म्हातारा मी हाय!"

"बसा मामा, गाणं ऐकू द्या," शेवंता म्हणाली.

घरी येऊन सुनेला बजावलं, गाण्यात माझं नाव घाल.

ती पदर सावरत म्हणाली, "मामा, सासऱ्याचं नाव सून कशी घेईल?"

कालपर्यंत ही रीत मला फार चांगली वाटत होती.