एका उतरलेल्या स्वराच्या बदल्यात घर

मी, आद्रियान काल्वार्ट, ओस्टरवेल्डच्या काउंटसाहेबांच्या चॅपलचा माजी गायक व संगीतरचनाकार, हल्ली मुक्काम गेंट, चामडे कमावणाऱ्यांची गल्ली, देवाला स्मरून हे मृत्युपत्र करत आहे. पाय कामातून गेले आहेत. बुद्धी जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बहीण माख्टेल्ड दारात हाताची घडी घालून उभी आहे, तो दबाव धरू नये.

पहिले. आत्मा देवाकडे. देह चर्चच्या अंगणात, पण ट्रम्पेटवाल्यांपासून दूर. जिवंतपणी त्यांच्या शेजारी पुष्कळ उभा राहिलो.

दुसरे. अंथरूण, तांब्याची भांडी, खाऱ्या हेरिंग माशांचे पिंप व कोंबड्या माख्टेल्डला. लाल झगाही तिलाच. तो फाडून तिने काय हवे ते शिवावे. काउंटसाहेबांनी तो मला नववर्षाला दिला, माप मात्र एका धिप्पाड माणसाचे होते, जो आधीच वारला होता. मिरवणुकीत मी त्यात पाय अडकून पडलो, आणि काउंटसाहेब माझ्या कोणत्याही रचनेवर इतके खूश झाले नव्हते.

एका प्रेमगीताबद्दल बक्षीस मिळालेला ससाणा मागेच मेला. त्याला गाणे सहन होत नसे. त्याचे डोळे झाकायचे कातडी टोपडे मागेल त्याला द्यावे.

ज्या पाटीवर मी रचना करून पुसत असे, ती माख्टेल्डच्या मते मासे कापायला बरी आहे. तसे करावे.

तिसरे, घर. ते योरिस बोलार्ट याला, एका अटीवर.

योरिस आयुष्यभर माझ्या शेजारी उभा राहून गायला. आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या गायनात, चार आवाज असतात. तिघे आपापल्या वाटेने फिरतात आणि चौथा एखादी ठरलेली चाल लांबवून धरून ठेवतो. चौथा तो. माझ्या शेवटच्या मिस्साची चाल काउंटसाहेबांची स्वतःची होती. घोड्यावरून उतरता उतरता त्यांनी ती गुणगुणून दाखवली आणि म्हणाले, "यावर मिस्सा बांध. माझं नाव राहू दे." मध्यावर त्यांचा आवाज जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला नाही, किंचित खाली राहिला. मालकाची चाल कोण दुरुस्त करणार? मी तो स्वर तसाच लिहिला आणि बाकी तिघांना त्याच्याभोवती वाट करून दिली. सुरुवातीला ती खुशामत होती. पण त्या एका स्वरासाठी तिघे असे वाकले, की माझ्या साऱ्या कामात तेवढीच जागा मला ऐकायची आहे. अजून ऐकलेली नाही.

कारण आमच्यात रीत अशी, की कागदावर काहीही असो, कानाला खटकले तर गायक गाता गाता स्वर वर-खाली करून घेतो. योरिसला खटकले. सणाच्या दिवशी, भर चर्चमध्ये, त्याने तो स्वर वर चढवून माझी चूक मोठ्या मनाने झाकली. काउंटसाहेब म्हणाले, "सुंदर. पण ही माझी चाल नव्हे." चर्चमधली जी कायमची पगारी जागा मला कबूल केली होती, ती ससाणे पाळणाऱ्याच्या पुतण्याला मिळाली. योरिस अजूनही दरवेळी ती चूक झाकतो.

अट ही: माझ्या मृत्युदिनी दरवर्षी तो मिस्सा व्हावा आणि योरिसने तो स्वर लिहिल्याप्रमाणे खालीच गावा. न गायल्यास घर त्या पुतण्याला.

नोटरी पाउवेल्स यांनी हे मोठ्याने वाचले, तेव्हा योरिस उशाशी होता. पुढचे बोलणे माझ्या सांगण्यावरून उतरवले आहे.

"पुतण्यालाच दे," योरिस म्हणाला.

"अरे, तुझ्या खोलीचं छप्पर गळतं."

"गळू दे. मेल्यावर तुझी फजिती करू होय मी?"

"फजिती नाही. मी मुद्दाम तसं लिहिलंय."

"मग इतकी वर्षं तोंड का नाही उघडलंस?"

"काउंट बेसूर गायले हे तुला सांगावं लागलं असतं. ते तू जेवणाआधी स्वयंपाकघरात पोचवलं असतंस."

"तेही खरं," योरिस म्हणाला.

मग त्याने गाऊन पाहिले. पुन्हा पाहिले. गळा दरवेळी आपोआप वर गेला.

"नाही रे जमत. खाली पाय टेकायला जागाच नाही."

"दादा, सोड त्याला," माख्टेल्ड म्हणाली. "काळानिळा पडलाय."

म्हणून वरील अट रद्द. नवी अट: त्या स्वराच्या जागी योरिसने तोंड मिटून गप्प राहावे. बाकी तिघांनी लिहिल्याप्रमाणे गावे. पुतण्याचे नाव खोडावे.

"गप्प राहणं जमेल?" मी विचारले.

"घर मिळतंय तर जमेल."

"हे मला बघायचंय," माख्टेल्ड म्हणाली. दरवर्षी ते बघण्याचे काम तिच्याकडे.

साक्षीला आलेले दोघे आमच्याच चॅपलचे गायक आहेत. सही करण्याआधी अट पाळता येते की नाही ते पाहू, असे पाउवेल्स म्हणाले. दोघांनी आपले आवाज धरले, तिसरा मी पडल्या पडल्या धरला. योरिसने चाल उचलली आणि त्या जागी तो गप्प राहिला. तिघे वाकलो. मधे स्वर नव्हता, आणि तो तिथेच होता.

योरिस आता म्हणतो आहे, "परत एकदा घेऊ. या खेपेला मला वाटतं मी खाली जाईन."

तो खरेच खाली जाण्याआधी, अट पुन्हा बदलावी लागण्याआधी, मी सही करून टाकतो.

आद्रियान काल्वार्ट

साक्षीदार: लीव्हेन दे पापे, खालचा आवाज
कोपेन हासार्ट, वरचा आवाज
समक्ष: पाउवेल्स, नोटरी
गेंट, सेंट मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, सन १४७१