सोळा डबे आणि एक खार

अंबड, २० ऑक्टोबर १९९४

प्रिय उषाताई,

सप्रेम नमस्कार. जालन्याच्या कॉन्व्हेंटची ती पायरी आठवते का, जिथे आपण दोघी बहिणी एकाच डब्यातली गुळपोळी खात निसर्गाची वही भरायचो? ‘कोणत्याही दोन सजीवांची तुलना करा.’ तू आवारातला चंदन सुचवलास, मी त्याच्यावरची खार. सिस्टरांनी दोघींना भोपळा दिला आणि तांबड्या शाईने लिहिलं, की यांची तुलना होऊच शकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? (तेल लाव, डॉक्टर बदलू नकोस.) मी ठीक आहे. आणि ताई, तुलना होते.

चैत्रात मी वाटूरला लग्नाला गेले आणि मागे यांनी हाताने लावलेला चंदन चोरांनी कापून नेला, हे तुला कळवलंच होतं. बुंधा नेला, फांद्या ठेवल्या (चोरसुद्धा निवडून घेतात). त्या फांद्यांवरच्या फळांतून चाळीस बिया निघाल्या. यांची आठवण म्हणून तेवढ्याच उरल्या. सुपात वाळत घातल्या, तर भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, खारीने दोन दिवसांत चोवीस पळवल्या. मी काठी घेऊन धावले, पडले, चष्मा फुटला. खार मेंदीच्या कुंपणावरून शेपटी नाचवत होती. वनखात्याचा माणूस सांगून गेला, की रानातले चंदन संपत चाललेत. चंदन बिचारा संपत आला तरी हूं की चूं करत नाही, आणि हिचं सगळं सुखात असून दिवसभर कोकलणं चालू!

उरलेल्या सोळा बिया सोळा डब्यांत लावल्या. सिस्टर आपली नखं तपासायच्या तशी मी रोज माती तपासायचे. गवताची काडी दिसली की उपटायचे. रोपं चार बोटं वाढली, पिवळी पडली आणि एकेक करून गेली. शेवटचं गेलं तेव्हा डब्यापाशी बसून रडले. कामाला येणाऱ्या जयवंताबाई म्हणाल्या, “बाई, तुम्ही सगळं गवत उपटून राह्यलात, मंग त्यानं धरावं कुणाला? चंदन एकटा जगत न्हाई. शेजाऱ्याच्या मुळाला मूळ लावून जगतो.”

“अहो, मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. म्हणलं, बराबरच असंल.”

आणि हात धरून त्यांनी मला मेंदीच्या कुंपणाशी नेलं. तिथे तणात, मी कधी झाडलंही नाही अशा जागी, पाच चंदन उभे होते. हिरवेगार. खारीने टाकलेल्या बियांचे!

तुझी धाकटी,
कांता

ता. क. तुझं रोप पाठवणार नाही, एसटीत मरेल. तूच ये. गुडघ्याचं कारण नको. हे गेल्यापासून मी घरही त्या डब्यांसारखंच फार स्वच्छ ठेवलंय.

ता. क. २ वाटणी अशी: एक रोप जयवंताबाईंना, एक सिस्टरांच्या शाळेला (भोपळ्याची परतफेड), तीन कुंपणाशीच, त्यातलं मधलं तुझं. ‘वहिनी, वेळेवर विकला असता तर’ म्हणणाऱ्या भुजंगभावजींना सोळा रिकामे डबे. खारीला भुईमुगाच्या शेंगा. खिडकीजवळची खाट तुला.