हात केला की गाडी थांबते

प्रिय आई,

आज सकाळी आपल्या खिडकीखाली हॉर्न वाजला. आपल्या कॉलनीत! जिथे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते, तिथे! बाल्कनीत गेले तर पांढऱ्या गाडीतून एक अनोळखी गृहस्थ वर बघत होते. म्हणाले, "आजी येतायत ना? बरेच दिवस दिसल्या नाहीत."

तुझं तेरावंसुद्धा होऊन गेलं आणि हा माणूस तुला न्यायला आला होता!

खाली धावत जाऊन सांगितलं, तर ते गाडीतून उतरले आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसले. मग त्यांनी जे सांगितलं, त्याने मी अजून सुन्न आहे. म्हणून तुलाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला विचारू?

तू रोज गेटपाशी उभी राहून येईल त्या गाडीला हात करायचीस? आपल्या जुन्या घराकडे, धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाला करतात तसा? लोकांच्या घरच्या गाड्या गं त्या! आणि त्या थांबायच्या? "नाक्यापर्यंत सोड रं बाला," म्हणत पुढच्या सीटवर बसायचीस. वर वाटेत कुणी चालताना दिसलं की, "थांबव, थांबव! त्या बायला पन घे. मागं जागा हाय ना?"

ते गृहस्थ म्हणाले, "समोरच्या बंगल्यातल्या बाईंशी मी आजींमुळेच पहिल्यांदा बोललो. इतकी वर्षं नुसते गेट उघडताना दिसायचो."

आणि मला काय सांगायचीस? "मी कुठं जातंय? घरातच हाय." लबाड!

मी रोज काचा वर करून ऑफिसला जायचे आणि दिवसभर मनात तुझाच घोर. इथे ना दुकान, ना रिक्षा, कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढायची. निजामपुऱ्याच्या गजबजाटातून उचलून तुला या शांततेत आणलं, मीच तुला एकटं पाडलं, असं वाटून या दिवसांत घास उतरत नव्हता. एकदा तरी सांगायचंस ना गं!

तू गेलीस तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, "कॉलनीत कळवायचं का?" मी म्हणाले, "इथे कोण ओळखतं आईला?" आणि सगळं निजामपुऱ्यातूनच उरकलं. कुणालाच कळवलं नाही, आई. कुणालाच!

जाताना त्या गृहस्थांनी विचारलं, "बाकीच्यांना माहीत आहे का?"

बाकीचे कोण गं? किती गाड्या थांबवल्यास तू?

आता मी ठरवलंय. उद्या सकाळी गाडी काढणार नाही. तू उभी राहायचीस तिथे, गेटपाशी उभी राहीन आणि येईल त्या गाडीला हात करीन. लाज वाटेल, पण करीन. जो थांबेल त्याला मी स्वतः सांगेन की आजी गेल्या, मी त्यांची मुलगी.

आणि कुणी "बसा" म्हणालं, तर बसेन. पुढच्या सीटवर.

तुझी,
सुली