दोन सूत

सोमवार, १२ नोव्हेंबर

सकाळी पूजा उरकून शेडमध्ये गेलो. आम्ही दोघा भावांनी बांधलेली गाडी तयार, रविवारी जुन्या धावपट्टीवर पहिली खरी धाव. म्हटलं, एकदा सगळे जोड ठोकून बघू. सीटमागे इंजिन ज्या दोन पट्ट्यांवर बसलंय, त्यांवर हातोडी मारली. डावी टणकन वाजली. उजवी – ठप्प. रंग खरवडला तर आत पुट्टी! पुट्टीखाली बोटभर लांब भेग.

वेल्डिंग धाकट्याचं. रंगही त्याचाच.

रविवारी शेजारच्या सीटवर त्याची पोरगी बसणार आहे.

मंगळवार, १३

विचारलं. आधी हसला. "अण्णा, तू देव बघ, गाडी मी बघतो."

मी म्हटलं, पट्टी दोनची सांगितली होती.

"दोनचीच आहे. मोजून घे."

मोजली. दोन मिलिमीटर! मी दोन सूत म्हणालो होतो. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. पट्टी हवी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची झाली. मी सुतात शिकलो, तो मिलिमीटरमध्ये. शब्द पुरा बोललो नाही ही चूक माझी. आई आजारी म्हणून मी गावी होतो, तेव्हा त्याने पट्ट्या लावल्या. परत आलो तर वर रंग.

पण भेग त्याला जूनपासून माहीत आहे. जूनपासून! रोज माझ्यासमोर चहा पितो.

"सांगितलं असतं तर तू सगळी गाडी पुन्हा खोलली असतीस. अजून एक वर्ष."

खरं आहे. खोलली असती.

बुधवार, १४

बोलणं बंद. चार वर्षं एकेक नळी उचलून म्हणायचो, अजून हलकी कर, अजून हलकी कर. तीनशे चाळीस किलोवर आणली. बायको म्हणायची, "इंजिन मागे टाकलंत ते ठीक, अक्कल तरी पुढे ठेवा." तेव्हा दोघे भाऊ किती हसलो होतो.

गुरुवार, १५

पुन्हा गेलो. म्हटलं, इंजिन उतरवू, दहा दिवसांत नव्या पट्ट्या लावतो, तू हातही लावू नकोस.

"रविवारी म्हणजे रविवारी. गावभर सांगून बसलोय. आता नाक कापून घेऊ?"

"आणि जोड सुटला तर? पोरगी आहे शेजारी."

"पाच महिने टिकलाय ना!"

शेडमध्ये उभा राहून टिकलाय. तसा तर मीही टिकलोय.

शुक्रवार, १६

देवापुढे बसलो आणि मागितलं काय – तर रविवारी इंजिन सुरूच होऊ नये. लाज वाटली. हात मला दिलेत आणि काम त्याच्यावर ढकलतोय.

पुतणी दुपारी येऊन काच पुसून गेली. "काका, बाबा म्हणतात शंभरच्या पुढे नेणार!"

शनिवार, १७

सकाळी ग्राइंडर घेतला आणि सीटमागून सांगाडा आरपार कापला. चारही नळ्या. आता गाडी जोडता येणार नाही.

आवाज ऐकून पुतणी धावत आली. रडली, ओरडली. मी भेग दाखवली. तिने भेगेवरून बोट फिरवलं. मग हळूच – "बाबांना माहीत होतं?"

"नाही," म्हणालो. "पुट्टी मी भरली होती."

धाकटा तिच्या मागेच उभा होता.