टॉर्चवाला अजून विहिरीतच

३ फेब्रुवारी, सकाळ
टेबल डुगडुगतं. ही गोष्ट कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. उद्या माझ्या साहित्यावर कोणी प्रबंध लिहायला बसला आणि या लेखकाच्या उत्तरार्धात एवढी पोकळी का, असा प्रश्न त्याला पडला, तर उत्तर हे: डावीकडचा मागचा पाय. अर्ध्या बोटाने आखूड. एक ओळ लिहिली की टेबल उजवीकडे कलतं, खोडली की डावीकडे. काल दिवसभर खलाशासारखा बसलो होतो.

बायको म्हणाली, सुताराला बोलवा. म्हटलं, महान कलाकृती सुतारासाठी थांबत नसते. म्हणाली, मग कशासाठी थांबलीय?

संकल्प: उद्यापासून सुरुवात. ग्राफिक नॉव्हेल, तीन खंड, नऊशे पानं. विषय: काळ. डोक्यात सगळं तयार आहे, फक्त उतरवायचं बाकी.

५ फेब्रुवारी
उतरवणार, तेवढ्यात फोन. एका वेबसाइटवरची मुलगी. कॉमिक्सवाले ज्येष्ठ सध्या काय करतात, असा लेख करतेय. 'ज्येष्ठ' खटकलं, पण लेखात येणार म्हणून गिळलं. नऊशे पानांचं सांगितलं. सांगता सांगता दोन उपकथानकं सुचली, तीही सांगितली. चाळीस मिनिटं. तिने विचारलं, चित्रं कोण काढतंय सर? म्हटलं, खोडरबर, दुसरं कोण!

खोडरबर म्हणजे माझा चित्रकार. एक रेघ मारून तीन खोडायचा, म्हणून प्रेसमध्ये हे नाव पडलं. वीस वर्षं मी लिहिलं, त्याने काढलं. या प्रोजेक्टबद्दल त्याला अजून कळवलेलं नाही. आनंदाचा धक्का द्यावा म्हणतो.

फोन ठेवता ठेवता तिचा प्रश्न: सर, टॉर्चवाला विहिरीतून बाहेर कधी येणार?

लोकांना दुसरं काही आठवतच नाही. मासिक एकाएकी बंद पडलं, त्याला मी काय करणार? टॉर्चवाला म्हणजे आमचा हीरो. रात्रपाळीचा वॉचमन, हातात टॉर्च, बाकी शक्ती शून्य. शेवटच्या अंकात तो विहिरीत दोराला लटकलेला, बॅटरी मंदावलेली, आणि खाली कोपऱ्यात 'क्रमशः'. बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं खोडरबरच काढायचा, पण 'क्रमशः' तेवढं मी माझ्या हाताने लिहायचो. तेव्हा शाळेत असलेली माझी मुलगी आता शाळेत शिकवते.

म्हटलं, ते पोरांचं होतं. सध्या मी काळावर काम करतोय. वेबसाइटवाली म्हणाली, महिनाअखेरीला फोटोग्राफर पाठवते, पानं दाखवाल ना? म्हटलं, किती हवीत?

९ फेब्रुवारी
जाड पाकीट आलं. खोडरबरचं. आत पुठ्ठ्यांमध्ये दाबून टॉर्चवाल्याची आठ पानं. रेघा, शाई, सगळं पूर्ण. फक्त बोलण्याचे फुगे कोरे. वर चिठ्ठी: शेवटचा भाग. फुगे रिकामे ठेवलेत. तुझ्यासाठी जरा मोठेच.

याला काय म्हणावं? या धंद्यात आधी स्क्रिप्ट, मग चित्र. उद्या नट आधी तोंडं हलवून घेतील आणि नाटककाराला म्हणतील, बसव आता संवाद. आणि 'मोठेच' म्हणजे काय? मी जास्त लिहितो? शेवटी शेवटी तर नुसत्या काळ्या चौकटी काढल्यात. कामचुकारपणा. वरवर चाळलं आणि ठेवून दिलं.

उत्तर पाठवणार नाही. मौन जास्त बोचतं.

पाकीट बरोबर अर्ध्या बोटाचं भरलं. टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल गप्प. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

१० फेब्रुवारी
टेबल स्थिर. आता खुर्ची कुरकुरते.

१४ फेब्रुवारी, पहाटे ५
उठलो! जग झोपलंय. मी आणि काळ समोरासमोर.

त्याच दिवशी, ९.३०
डोळा लागला. पहिलं वाक्य मात्र झालं: 'अंधार होता.' मग बदलून 'अंधार नव्हता.' जास्त मॉडर्न वाटतं.

१८ फेब्रुवारी
वहिनींचा फोन, खोडरबरच्या बायकोचा. त्याला न सांगता गॅलरीतून करत होत्या, आवाज दबका. म्हणाल्या, भाऊजी, यांच्या डोळ्यांचं कळलं असेल ना? नाही म्हटलं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही म्हणे, कडेकडेचं तेवढं दिसतं. एक डोळा गेल्यात जमा, दुसराही त्याच वाटेवर. डॉक्टर उन्हाळ्यापुढचं काही बोलत नाहीत. ती आठ पानं हिवाळाभर खिडकीत बसून काढली, भिंग धरून, ऊन असेल तेवढाच वेळ. रोज विचारतात, त्याच्याकडून काही आलं का? छापून नाही आलं तरी चालेल, एकदा पुरं झालेलं बघायचंय म्हणतात. फुगे भरलेत ना, भाऊजी?

म्हटलं, वहिनी, सध्या माझं सगळं काम त्या पाकिटावरच उभं आहे. खोटं बोललो नाही.

चित्रकारांचं हे असतंच. मागे मनगट, त्याआधी पाठ. भावनेच्या भरात मोठं काम बाजूला ठेवणं बरोबर नाही. दुपारी झोप लागली नाही. खुर्चीमुळे.

२२ फेब्रुवारी
प्लॅनमध्ये किंचित बदल. तीन खंड पसरट होतात. एकच, पण घट्ट.

२४ फेब्रुवारी
खंडापेक्षा एक नमुना प्रकरण बरं. फोटोतही तेच दिसणार.

२५ फेब्रुवारी
शीर्षक सापडलं की प्रकरण आपोआप येतं. शीर्षक शोधतोय. बायको म्हणाली, फोटोग्राफर आला की ती आठ पानं दाखवा की. समजावलं, ती पोरांची पानं, हे काम नऊशे पानांचं. म्हणाली, तुमच्या नऊशेपेक्षा ती आठ जास्त आहेत. मोजून बघा.

गणित तिचं पहिल्यापासून कच्चं.

२७ फेब्रुवारी
लेख आला. माझ्याकडे फोटोग्राफर न येताच. खोडरबरचा भलामोठा फोटो, खिडकीत, हातात भिंग. सध्या काय करताय, याला त्याचं उत्तर: माझं काम झालंय. आता लेखकाच्या शब्दांची वाट बघतोय. तो घाई करत नाही, म्हणून चांगलं लिहितो.

माझ्यावर एक ओळ: 'ज्येष्ठ लेखकांनी आपल्या आगामी योजनांविषयी सविस्तर सांगितले.' चाळीस मिनिटांचं हे एवढंच झालं.

खाली वाचकांच्या कॉमेंट. एकाने लिहिलंय, दुसरीत असल्यापासून टॉर्चवाल्यासाठी श्वास रोखून बसलोय, आता दमा झालाय. पुष्कळांना ते आवडलेलं दिसतं.

खोडरबरचं ते वाक्य परत परत वाचलं. टोमणा कुठे आहे ते शोधत होतो. नाही. असता तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी
पाकीट काढलं. टेबल पुन्हा समुद्रात. पायाचा वळ पुठ्ठ्यातून थेट पहिल्या पानापर्यंत उमटलाय, नेमका टॉर्चवाल्याच्या डोक्यावर.

आज नीट पाहिली पानं. पहिल्या दोनांवर विहिरीचा दगड न दगड काढलाय. तिसऱ्यावर दगड कमी. चौथ्यावर बॅटरी संपते. मग पाचवं, सहावं, सातवं: काळं. शाईने भरलेल्या चौकटी आणि त्यांत नुसते पांढरे, कोरे फुगे. याला मी कामचुकारपणा म्हटलं होतं. त्याला दिसेनासं झालं तेव्हा त्याने टॉर्च विझवला, आणि पुढचं सगळं माझ्यावर सोडलं. अंधारात चित्रकाराला काम नसतं, बोलणाऱ्यालाच असतं.

आठव्यावर टॉर्चवाल्याचा हात, आणि तो धरायला वरून आलेला दुसरा. वरच्या हाताची करंगळी वाकडी. बायको म्हणाली, हा तुमचा. म्हटलं, जगात वाकड्या करंगळ्या खूप असतात.

संकल्प: उद्यापासून. नको, आजच.

१ मार्च
भरले फुगे, पेन्सिलीने. काळी पानं तीन, फुगे ऐसपैस. काळाविषयीचं माझं सगळं चिंतन त्यांत बसलं. एकदम मोकळं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, विहिरीत लोंबकळणारा माणूस इतकं बोलेल? हात नाही का सुटणार त्याचा?

तिला साहित्यातलं कळत नाही.

संध्याकाळी सगळं खोडलं, पुन्हा पहिल्या फुग्यापासून सुरुवात.

३ मार्च
खोडरबरकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्याऐवजी पाकिटाकडे पाहिलं आणि आत गेल्या. तो खिडकीत. माझ्या कानाकडे बघत म्हणाला, ये, जाड झालास की. म्हटलं, दिसतं तर सगळं! म्हणाला, फक्त कडेचं दिसतं रे, पण तू आता कडेपर्यंत पोचलायस.

त्याने पान डोळ्यांजवळ नेलं, तिरकं धरलं, खाली ठेवलं. म्हणाला, तूच वाच.

वाचलं. दुसऱ्या पानावर त्याने थांबवलं: हे वाक्य कशाला? म्हटलं, चांगलं आहे. म्हणाला, म्हणूनच. खिशातून रबर काढलं. त्याचं बोट मी फुग्यावर टेकवलं, त्याने खोडलं. पुढेही असं दोनचारदा झालं. मी भांडलो नाही. खुर्ची त्यांच्याकडची चांगली आहे.

काळी पानं आली. तिथे फारच थोडं ठेवलंय. वरून: आहेस का रे? खालून: आहे. वरून: फार उशीर झाला. खालून: झाला खरा. वरून: हात दे.

रबर त्याच्या हातात तसंच राहिलं. मग म्हणाला, हे राहू दे.

रबर खिशात ठेवत विचारलं: आणि सध्या काय लिहितोयस? ती वेबसाइटवाली नऊशे पानांचं काहीतरी सांगत होती.

म्हटलं, काही नाही. हेच.

बरं, म्हणाला, आणि उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसला.

पानं आवरायला घेतली. आठव्याच्या कोपऱ्यात, मी 'क्रमशः' लिहायचो त्या जागी, त्याने नेहमीएवढीच एक चौकट कोरी सोडलेली. पेन्सिल बाजूलाच पडली होती. ती घेतली नाही. त्याचं शाईचं पेन उचललं आणि 'समाप्त' लिहिलं.