वंदूच्या घरातली भिंत

५ फेब्रुवारी
सकाळी आठपासून खाली ठोकाठोक. शिवणक्लासच्या पोरींना ओरडून मापं सांगावी लागली. दुपारी खाली गेले. वंदूचे मिस्टर, प्रकाश भाऊजी, हॉल आणि बेडरूममधली भिंत पाडून घेत होते. वंदू दोन आठवड्यांत दवाखान्यातून येणार. लकव्याने उजवी बाजू पूर्ण गेली. व्हीलचेअर त्या दारातून जात नाही.
"वहिनी, चार दिवस सोसा."
"वंदू काय मले परकी आहे, भाऊजी?"
उमरेडला एका गल्लीतल्या आम्ही, दोघींच्याही घरी हातमाग. मनीषनगरात फ्लॅटही एकाच अपार्टमेंटमध्ये घेतला. ती तळमजल्यावर, मी तिच्या डोक्यावर. मिस्त्रीला चहा देऊन वर आले.

८ फेब्रु.
बेडरूमचं दार लागत नाही, खाली घासतं. स्वयंपाकाच्या ओट्यामागे भिंतीला तडा. नख जातं.
खाली बघून आले. भिंत तर गेलीच, बाजूचा कॉलमही फोडलाय. सळया उघड्या.
"त्याच्यावर भार नाही म्हणते मिस्त्री. तुम्ही उगाच भिऊन राहिल्या वहिनी."
भिऊन राहिलेच.

११ फेब्रु.
पार्किंगमध्ये मीटिंग. आठही फ्लॅटचे लोक. सेक्रेटरी भोयर तावातावाने: "ना आम्हाले विचारलं, ना नकाशा मंजूर केला!" भाऊजी उठून उभे राहिले. मग एकेकाच्या बाल्कनीकडे बोट दाखवत गेले.
"ही काचा लावून बंद केली, तवा कोणाले विचारलं? ही? अन् ही? मी बायकोसाठी केलं तं गुन्हा?"
कोणी वर पाहिलं नाही. आमचीही बंद आहे. क्लास तिथेच चालतो.

१३ फेब्रु.
भोयरांनी इंजिनिअर आणला. हातोडीने ठोकून ठोकून पाहिलं. लगेच लोखंडी टेकू लावा, मग कॉलम परत बांधा, म्हणाला. आम्हाला सांगितलं, हॉलमधलं कपाट मागच्या खोलीत न्या, त्या बाजूला वजन नको. भाऊजींनी ऐकून घेतलं. "हा तुमचा माणूस आहे. मी माझा आणतो."
आज सहा वाजेपर्यंत तरी कोणी आलेलं नाही.

१८ फेब्रु.
त्यांचा माणूस आलाच नाही. दाराची फट वाढलीय. वकील मॅडमकडे गेलो. फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून दावा माझा. खालचा फ्लॅट वंदूच्या नावावर, म्हणून दावा वंदूवर. तिचं पूर्ण नाव टाइप केलेलं, त्याच्यावर 'विरुद्ध'. पेन हातात तसाच राहिला. हे म्हणाले, "छत पडल्यावर सही करशील काय?"
केली.
संध्याकाळी तिला घरी आणलं. मी वरून पाहिलं. खाली गेले नाही.

२६ फेब्रु.
आदेश झाला. जैसे थे. पुढच्या तारखेपर्यंत तोडायचं नाही, बांधायचं नाही. हे खूश. मी विचारलं, मग टेकू? मॅडम म्हणाल्या, कोर्टाला विचारल्याशिवाय तेही नाही.
म्हणजे कॉलम तसाच उघडा. आम्ही वर, ती खाली. आणि त्यांच्या बाथरूमचं दार मोठं करायचं होतं ते राहूनच गेलं. खुर्ची आत जात नाही. भोयर वहिनी सांगत होत्या, वंदूला हॉलमध्येच पडदा लावून पुसून काढतात. भाऊजी एकटेच करतात.


३ मार्च
मॅडमचा फोन. "खाली जाणं-येणं ठेवू नका, केस कमजोर होते." ह्यांचंही तेच.
अकरा वाजता गेले. भाऊजींनी दार उघडलं, बाजूला झाले. वंदू पलंगावर. तोंड थोडं वाकडं झालंय, डोळे तेच. बोलायला वेळ लागतो.
"तूच सही केली ना वं?"
"हाव."
तिने डाव्या हाताने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं.
"मंग पाणी चांगलं तापव. हे कोमटच आणतेत."
दोन बादल्या लागल्या. केस धुतले. डोक्यावरून पाणी घालताना माझं लक्ष दोनदा छताकडे गेलं. तिचंही तिकडेच होतं.

९ मार्च
रोज अकराला जाते. ह्यांनी अबोला धरलाय.
आज भाऊजींपाशी विषय काढला. दोघींनी मिळून अर्ज केला तर कोर्ट टेकूची परवानगी देईल. ते उसळले. "म्हणजे मी चूक कबूल करू? काहून करू?"
पलंगावरून वंदू: "घर माझ्या... नावावर आहे. आणा कागद."
डाव्या हाताचा अंगठा. मी तिचा हात धरला होता. भाऊजी तोंड फिरवून खिडकीशी उभे.

१७ मार्च
परवानगी मिळाली. फक्त तात्पुरते टेकू, बाकी जैसे थे. दुपारी इंजिनिअरने उभं राहून लावून घेतले. वंदूच्या हॉलमध्ये सहा लोखंडी खांब. ह्यांनी वर जमिनीवर पाय आपटून पाहिला. "आता बरं आहे." पंधरा दिवसांत मला बोललेलं पहिलं वाक्य.
खाली गेले तर भाऊजी खांबांमधून खुर्ची काढायला पाहत होते. इकडून, तिकडून. निघत नाही. शेवटी घडी करून भिंतीला लावून ठेवली. मी दारातूनच परतले.

२१ मार्च
आंघोळ झाल्यावर वंदूने हात सोडला नाही.
"केस मागे घे वं. हे कॉलम बांधून देतेत. मी सांगतो... तुले."
भाऊजी तिथेच होते.  हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, ते खांबांकडे.
मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांनी तसं लेखी दिल्याशिवाय मागे घेतलीत तर तो कॉलम कधीच बांधला जाणार नाही. आणि चालवलीत तर? वर्षं लागतील.
वंदूजवळ वर्षं आहेत का, हे डॉक्टरही सांगत नाही.
ह्यांना विचारलं. म्हणाले, "मैत्रीण तुझी, घर तुझं. तूच ठरव." रागाने म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं.
मॅडमनी उद्या बोलावलंय, काय ते सांगायला. वेळ अकराची दिली. वंदूचं पाणी तापवायची वेळ तीच.