साहेबांनी गुणगुणलेली ओळ

परीक्षकसाहेब, सादर नमस्कार.

माझ्या टायपिंगच्या वर्गात मी मुलांकडून बोटांचा ताल शाळेतल्या कवितांवर बसवून घ्यायचो. ओळ संपताना मशीनची घंटी वाजे, तेव्हा जणू यमकच जुळे. माझी धाकटी बहीण तर कविता पुटपुटल्याशिवाय अक्षर उमटवत नसे. परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती, तर वडील नोकरीचं नावही काढू देणार नव्हते.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही नेमके तिच्यापाशी थांबलात.

"बाई, काय पुटपुटताय?"

"कविता, साहेब. ती थांबली की बोटं थांबतात."

एवढं बोलली आणि घाबरून पुढची ओळच विसरली. सगळी खोली खडखडत होती, तिचं एकटीचं मशीन मुकं. मी दारात उभा राहून पाहत होतो.

तेव्हा तुम्ही छताकडे पाहत ती ओळ गुणगुणलात, तीही चालीसकट. तिची बोटं धावत सुटली.

ती पास झाली, मोठ्या कचेरीत सेक्रेटरी झाली. तेव्हा आभार लिहिले असते तर तुमच्या नोकरीवर बेतलं असतं. आता तुमचा पत्ता ठाऊक नाही, तरी लिहितोय.

त्या दिवशी परीक्षेहून घरी येताना धाकटी म्हणाली, "दादा, साहेब फारच बेसूर गातात रे."

गात असतील. त्याहून गोड गाणं मी आजवर ऐकलेलं नाही.

आपला ऋणी,
तिचा दादा